मोजपट्टी आधी, टीका नंतर

कोरीटला घरी आलो की गेम मोबाइल डेटावरच उतरवावा लागतो. म्हणून ‘फुकट’ या शब्दावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

‘द सिम्स 4’ सप्टेंबर 2014 मध्ये आला, तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते, दुडदुडणारी मुलंही नव्हती. ‘भंगार गेम’ म्हणणं सोपं होतं. ‘आधीच्या भागात होतं, इथे नाही’ हे म्हणणं तपासता येतं. तलाव त्याच वर्षी आले, मुलं 2017 मध्ये, दोन्ही मोफत. 2022 पासून मूळ गेमही मोफत, पण ऋतू, पाळीव प्राणी यांचे पैसे वेगळे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एकदाच विकत घ्या, ऋतू त्यातच.

मग स्वस्त कोणता? शोधनिबंध तपासतानाही आधी हेच लिहा: काय कमी आहे, कशाच्या तुलनेत? नुसतं ‘आवडलं नाही’ हा काही निष्कर्ष नव्हे.