‘पेंढारी’ म्हणजे नक्की कोण?

प्रबंधात ‘पेंढारी’ हा शब्द आला की आपण बिनधास्त ‘लुटारू’ लिहून पुढे जातो. जरा थांबा. मराठा फौजांसोबत पेंढाऱ्यांची पथकं असायची. होळकरशाही, शिंदेशाही अशी त्यांची ओळखही होती. पगार नाही, गुजराण लुटीवर. मग हे सैनिक की दरोडेखोर? या एका शब्दाचा अर्थ तुम्ही काय घेता, यावर तुमचा निष्कर्ष ठरतो.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशातली नोंद वाचा. तिथे तीन व्युत्पत्त्या भेटतात. माल्कम म्हणतो, ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयावरून. विल्सन म्हणतो, ‘पेंढा’ अधिक ‘हर’, म्हणजे पेंढा नेणारा. कारण हे स्वार मुळात फौजेसाठी चारा गोळा करत. कोशकारांना दोन्ही पटत नाहीत. ते ‘पिंडास बसणे’, म्हणजे मागे चिकटणे, हा पर्याय सुचवतात. पण निव्वळ सूचना म्हणून. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

आता आपण एक साधी कसोटी लावू. मराठी रूपात ‘ढ’ आहे. ‘पिंडा’ आणि ‘पिंड’ दोन्हींत ‘ड’. म्हणजे मराठी कानाला विल्सन जवळचा वाटतो. आपल्या यवतमाळकडे कडब्याची पेंढी रोजचीच, त्यामुळे तर जास्तच! पण इथेच सापळा आहे. अनोळखी शब्द लोक ओळखीच्या शब्दासारखा करून घेतात. नुसत्या आवाजावर जायचं तर उद्या कुणी पांढरकवड्यालाही पेंढाऱ्यांशी जोडेल.

‘पण माल्कमने तर खुद्द करीमखानाला विचारलं होतं ना?’ हो, आणि त्याने दारूवालीच व्युत्पत्ती सांगितली. पण करीमखान १८१८ मध्ये माल्कमलाच शरण आलेला सरदार. शिवाय शब्द वापरणाऱ्याला त्याचं मूळ ठाऊक असतंच असं नाही. तुम्हाला तरी ‘शिलेदार’ची व्युत्पत्ती येते का?

नीट बघा: दारू, चारा, चिकटणं. प्रत्येक व्युत्पत्तीत पेंढाऱ्याचं एक वेगळं चित्र आधीच बसलेलं आहे. म्हणून मूळ आणि अर्थ वेगळे ठेवा. कागद कोणत्या सालचा, कुणी लिहिला, पेंढाऱ्यांना तिथे काम काय दिलंय, हे टिपा. उत्तर मिळेपर्यंत प्रबंधात ‘पेंढारी’ला ‘पेंढारी’च राहू द्या. ‘लुटारू’ हा अनुवाद नाही, तो निकाल आहे. आणि निकाल पुराव्यानंतर द्यायचा असतो.