मातृभाषक कोण, हे ठरवणार कोण?

कोल्हापूरच्या कुठल्याही गल्लीत जा. 'मी आलो', 'मी जेवलो' असं म्हणणाऱ्या बायका आपल्याला भेटतील. शाळेतलं व्याकरण सांगतं, बाईनं 'आले' म्हणावं. मग ही बाई चुकीचं मराठी बोलते का?

जरा थांबून ऐकू या. तीच बाई मैत्रिणीबद्दल 'ती आला' असं कधी म्हणत नाही. 'ती आली' असंच म्हणते. म्हणजे लिंगभेद तिला पक्का ठाऊक आहे. स्वतःबद्दल बोलताना तो दाखवायचा नाही, हा तिच्या बोलीचा नियम आहे. आणि नियम पाळणं म्हणजे चूक कशी?

आता 'मातृभाषक' ही कल्पना तपासू. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. या कसोटीवर आपली ही बाई पुरेपूर उतरते. पण धारवाडचे द. रा. बेंद्रे? त्यांच्या घरची भाषा मराठी आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांना गांधीजी 'सवाई गुजराती' म्हणत. त्या भाषांमध्ये यांना पाहुणे म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणजे जन्माची कसोटी पुरत नाही.

चॉम्स्कीनं १९६५ मध्ये एकजिनसी समाजातला, भाषा पूर्ण जाणणारा आदर्श भाषक कल्पिला. शास्त्राला अशी गृहीतकं लागतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी, की व्यवहारात त्या रिकाम्या खुर्चीवर एखादं शहर, एखादा वर्ग जाऊन बसतो आणि बाकीच्यांना शुद्ध-अशुद्ध शिकवू लागतो.

आमच्या मते भाषक म्हणजे ज्याचं बोलणं भाषेबद्दल साक्ष म्हणून धरावं लागतं तो. हा हक्क काहींना जन्मानं मिळतो, काही जण तो कमावतात. व्याकरण अशा साक्षींवरच उभं राहतं. ज्याच्या साक्षीवरून नियम काढायचा, त्यालाच पुढे त्या नियमानं दोषी ठरवायचं, हा कुठला न्याय?

प्रमाणभाषा नको, असं आम्ही म्हणत नाही. पाठ्यपुस्तकाला, सरकारी कागदाला ती हवीच. पण आम्ही स्वतः वर्षानुवर्षं पेपर तपासले आणि 'मी गेलो' लिहिणाऱ्या मुलींच्या वाक्याखाली लाल रेघा ओढल्या. 'बोलताना बरोबर, इथं मात्र गेले लिही' एवढं शेजारी लिहायला काय जात होतं? त्या मुलीला कळलं असतं, की आपण आणखी एक रीत शिकतोय. आईची भाषा काही बिघडलेली नाही.