मागे न वळणारा पडदा

बोईसर-तारापूर परिसरात घरभेटीस गेलो असता अलीकडे एक कौतुकाचे दृश्य पाहिले. रात्रपाळी करून आलेला चाळिशीतला पिता तळहाताएवढ्या यंत्रावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळत होता आणि शेजारी बसलेला मुलगा आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला यंत्र जोडून, ‘कॅसेट’ घालून खेळला जाणारा हा खेळ आता शेकडो जुन्या खेळांसह अशा छोट्या यंत्रांत भरून मिळतो. मुलांच्या खेळाची समीक्षा ती काय करायची, असे वाचक विचारतील. परंतु जी कृती दोन पिढ्यांना एकत्र बसवते, तिच्याकडे आपण कादंबरीइतक्याच गांभीर्याने पाहावे, असे मला वाटते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हा खेळ 1985 साली प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार, तर कोजी कोंदो हे संगीतकार. सारा खेळ अवघ्या 40 किलोबाइटांत सामावला आहे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही याहून कित्येक पट जागा घेते. या दारिद्र्यातूनच कल्पकता जन्मास आली. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच, केवळ रंग निराळा! खेळ कसा खेळावा, हे पहिल्या टप्प्यात शब्दाने कोठेही सांगितलेले नाही. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून पाऊल आपसूक तिकडे पडते. समोरून एक क्षुद्र जीव चालत येतो. त्याला धडकलो तर प्राण जातो, वरून उडी मारली तर तो चिरडतो. न बोलता शिकवण्याची ही हातोटी आम्हा प्रवचनकारांनीही अभ्यासावी.

दोष नाहीत असे नव्हे. पळवून नेलेल्या राजकन्येला वाट पाहण्यापलीकडे काही काम नाही. शिवाय 100 नाणी गोळा केली की एक अधिकचा प्राण मिळतो. जीवनाचे मोल नाण्यांत मोजण्याचा हा हिशेब मला रुचत नाही.

तथापि या कृतीचा आत्मा अन्यत्र आहे. मारिओ पुढे गेला की पडदा त्याच्याबरोबर उजवीकडे सरकतो, तो पुन्हा डावीकडे येत नाही. जे मागे राहिले ते राहिले. आरंभी तीनच प्राण गाठीला असतात. म्हणून प्रत्येक उडीला वजन येते आणि बत्तीस टप्प्यांची वाट चुकत, पडत, पुन्हा उठत चालावी लागते.

आजच्या यंत्रांनी नेमके हेच काढून घेतले आहे. खेळ हव्या त्या क्षणी साठवून ठेवता येतो. काही यंत्रांवर तर पडल्याबरोबर काळच मागे फिरवता येतो. खुद्द निन्टेन्डोनेही 2019 साली आपल्या स्विच यंत्रावरील जुन्या खेळांना ही सोय जोडली. अशक्त वा वृद्ध खेळाडूस ती उपकारक असेल. परंतु तिने चूक घडलीच नाही असे होते. आणि न घडलेल्या चुकीतून कोण काय शिकणार?

ही तर क्षमाच नव्हे काय, असा प्रश्न त्या घरातील मुलाने मला विचारला. मी थबकलो. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा होते, पण काळ मागे फिरत नाही. बोललेला कठोर शब्द बोललेलाच राहतो. ज्याचे मन दुखावले त्याच्याकडे जावे लागते, झालेली हानी भरून द्यावी लागते. क्षमा मिळालेला मनुष्य आपल्या पडण्याची आठवण घेऊन पुढे चालतो. पेत्राचे नाकारणे पुसले गेले नाही. त्या आठवणीसह त्याच्यावर मेंढरे सोपवली गेली. क्षमा आणि पुसून टाकणे यांतील हे अंतर मुलांना समजले नाही, तर पापनिवेदन त्यांना केवळ एक बटण वाटू लागेल.

म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते: जुना खेळ मुलांस अवश्य द्यावा, मात्र तो अधिकृतपणे विकत घेतलेला असावा आणि त्याच्या मूळ मर्यादांसह असावा. काळ फिरवण्याची सोय बाजूला ठेवावी. प्राण संपले की यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे. आपली पाळी संपली हे मान्य करणे आणि पुढच्या पाळीची वाट पाहणे, एवढे जरी या खेळाने घराला शिकवले तरी त्या 40 किलोबाइटांचे चीज झाले.