टॉमस मन्रोची घरगुती पत्रे

रयतवारी पद्धतीचा पुरस्कर्ता म्हणून सर टॉमस मन्रो आपणांस परिचित आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये पेशव्यांच्या ताब्यातील बेळगावचा किल्ला घेणारा सेनानीही तोच. परंतु ग्लेग याने १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आणखी एक मन्रो भेटतो. तो म्हणजे आईवडिलांस व भावंडांस पत्रे लिहिणारा मुलगा. या पत्रांचा वाङ्मय म्हणूनही विचार व्हावा, अशी त्यांची योग्यता आहे.

१७८० मध्ये मन्रो मद्रासेस उतरला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ग्लासगो येथील त्याच्या वडिलांचा व्यापार अमेरिकेतील युद्धामुळे बुडाला होता. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून पत्रांतील विनोदाचे मर्म उमगत नाही. वडिलांस लिहिताना तो हैदर व टिपू यांच्याशी झालेल्या युद्धांची मीमांसा करतो. बहिणीस लिहिताना स्वतःच्या दारिद्र्याची थट्टा करतो. पूर्वेकडील ऐषआरामाविषयी विलायतेत असलेल्या कल्पनांना त्याने १७८९ च्या एका पत्रात उत्तर दिले आहे. चार काठ्यांवर ताणलेले कॅनव्हास हा त्याचा बिछाना. उशाला पुस्तक अथवा काडतुसांची पिशवी. आणि थंडीत पांघरूण म्हणून विलायतेहून आणलेला कोट, त्याच्या बाह्यांत पाय खुपसलेले! दुःख सांगायचे, परंतु ऐकणाऱ्यास त्याचा भार होऊ द्यायचा नाही, हे पत्रलेखनातील अवघड कौशल्य त्यास साधले होते.

तथापि येथेच वाचकाने सावध राहिले पाहिजे. स्वतःविषयी प्रांजळ असणे आणि सत्तेविषयी निःपक्ष असणे या भिन्न गोष्टी आहेत. कोटाची थट्टा करणारा हा तरुण कंपनीच्या राज्यविस्ताराचाच शिपाई होता. शिवाय पत्रांची निवड नायकाचा गौरव करू इच्छिणाऱ्या चरित्रकाराने केली आहे. म्हणून ही पत्रे त्या राजवटीची साक्ष म्हणून स्वीकारताना इतर कागदांशी ताडून पाहावीत. लिहिणाऱ्याच्या मनाची साक्ष म्हणून मात्र ती अमोल आहेत.

उत्तरायुष्यातील पत्रांत थट्टा ओसरते. १८२६ मध्ये पत्नी आजारी मुलास घेऊन विलायतेस गेली. त्यानंतर मद्रासचा हा गव्हर्नर तिला गिंडीच्या घराचे रितेपण कळवितो. येथे ना पदवीचा डौल, ना शब्दांचा. पुढील वर्षी, ६ जुलै १८२७ रोजी, स्वदेशी परतण्यापूर्वीच्या शेवटच्या दौऱ्यात पत्तिकोंडा येथे पटकीने त्याचा अंत झाला.

आपल्या शाळांतून पत्रलेखन हे मायना आणि समाप्ती यांपुरते शिकविले जाते. कोणास लिहावयाचे आहे यावरून काय लिहावे व कसे लिहावे हे ठरते, हा धडा मन्रोच्या पत्रांतून घेता येईल. ज्याने आपला मुलूख जिंकला त्याच्याकडूनही तो घेण्यास हरकत नसावी. मात्र त्या जिंकण्याचा विसर पडू देऊ नये.