दोघांपैकी उरेल तो

मिळून काही करायचं तर इंग्रजीत शब्द पुष्कळ. पण आमच्या बँकेतले बहुधा वकिलांनी घडवलेत! ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ घ्या. दोघांनी मिळून कर्ज काढायचं. एकानं पाठ फिरवली की सगळी रक्कम दुसऱ्याच्या बोडक्यावर. १८७२च्या करार कायद्याचं कलम ४३ हेच सांगतं. एका मित्रापायी मला ते पाठ झालंय.

त्याहून भयंकर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. नवं जोडपं लाजत लाजत संयुक्त खातं उघडायला येतं आणि मी भर काउंटरवर विचारतो, मागे कोण उरणार?

परवा आमचंच पासबुक बघत ही म्हणाली, “सर्व्हायव्हर म्हणजे हो?”

“उरेल तो.”

तिनं पासबुक मिटलं. “चहा टाकते दोघांचा.”

या ‘दोघांचा’ला मात्र बँकेच्या इंग्रजीत शब्द नाही.