‘दऱ्या’ नीट दिसाव्यात म्हणून

मावळातल्या लेण्यांविषयी लोणावळ्यात घरबसल्या वाचताना माझी कसोटी एकच: ‘दऱ्या’ हा शब्द पडद्यावर मोडता कामा नये. पान रेखाटते ते ब्राउझरचे इंजिन. बंगळुरूच्या ‘एपिक’ने २०१० साली भारतीय भाषांची सोय केली, पण इंजिन फायरफॉक्सचे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले, पुढे मायक्रोसॉफ्टनेही. म्हणून अँड्रियास क्लिंग यांचा ‘लेडीबर्ड’ मला मोलाचा वाटतो. इंजिन मुळापासून स्वतःचे, पैसा देणग्यांचा. २०२४ मध्ये ‘सेरेनिटी’पासून वेगळे होताना सगळेच घरी रचण्याचा हट्ट मात्र त्यांनी सोडला आणि अक्षरजुळणीसाठी तयार ‘हार्फबझ’ घेतले. सोवळ्यातल्यांना हे खटकेल, मला नाही. जोडाक्षरांचे शहाणपण त्यात आधीच मुरलेले आहे. पहिल्या चाचणी-आवृत्तीसाठी त्यांनी २०२६ साल ठरवले आहे. मी आधी ‘दऱ्या’च उघडून पाहीन.