‘फकिरा’तले सोपे शब्द, ‘फकिरा’तले अवघड शब्द

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. १९६१ साली तिला राज्य शासनाचं बक्षीस मिळालं. आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिलीय. म्हंजे कव्हर पाहिलंय. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला पोरं तिचं नाव घेतात, भाषणं ठोकतात. पण गटानं बसायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, शब्द अडला की थांबायचं, ही गोष्ट निराळी. हिंगोलीत आम्ही काही जण तशी बसतोय. त्यातून जे हाताला लागलं ते इथं मांडतो.

आधी आक्षेप घेऊ. कार्यकर्ते विचारतात, शब्दांचे अर्थ लावत बसायला आपण काय मास्तर आहोत का? रस्त्यावर एवढे प्रश्न पडलेत, अन् तुम्ही कामून एका पानावर दोन-दोन रात्री घालता?

तर मित्रांनो, कामून ते सांगतो.

कादंबरी वारणेच्या खोऱ्यातली. आपण हिंगोलीचे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैद्राबाद संस्थानात. आपल्या खेड्यात मपलं-तुपलं चालतं. तिकडची बोली निराळी, गावगाडा निराळा. त्यामुळं पहिल्याच बैठकीत अडलेल्या शब्दांची यादी मोठी झाली. प्रमाण मराठीचा शब्दकोश अशा वेळी अर्धाच कामाला येतो. अर्धं काम मांगवाड्यातल्या म्हाताऱ्या बाया करतात.

‘जोगणी’ घ्या. आपल्याकडं जोगवा, जोगतीण म्हटलं की परडी घेतलेली बाई डोळ्यापुढं येते. कादंबरीत जोगणी म्हंजे निराळी चीज. एका गावची जोगणी दुसऱ्या गावानं पळवून न्यायची, अन् ज्याच्याकडं जोगणी त्याच्याकडं जत्रा. ती आणायला फकिराचा बाप राणोजी जातो अन् जिवाला मुकतो. अर्थ कळला तसा वाद पेटला. ज्या गावानं मांगाला वेशीबाहेर ठेवलं त्या गावाच्या इभ्रतीसाठी मांगानं का मरावं? १९५६ नंतरच्या माणसानं हा सवाल टाकलाच पाहिजे. अन् अण्णाभाऊ तो सवाल दडवत नाहीत. गावाला जत्रा मिळते. राणोजीच्या घराला काय मिळतं? त्याची बायको राधा रांडाव होते. ‘जोगणी’ हा शब्द नुसता ‘देवीचं काहीतरी’ म्हणून पुढं ढकलला असता तर हा हिशोब सुटला असता.

‘खोत’ घ्या. आपल्याकडं देशमुख, जागीरदार, इनामदार होते. खोत नव्हता. कादंबरी खोती समजावून सांगत नाही, ती हत्यार घेतलेला खोत दाखवते. मग गटातल्या पोरांनी बाबासाहेबांकडं धाव घेतली. आपण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन पाळतो. त्याच तारखेला १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात कोकणातली खोती मोडायचं विधेयक मांडलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला. खोती कायद्यानं गेली ती पुढं १९४९ साली. कुळांचा हा लढा आपल्या भाषणांत किती वेळा येतो? एका परक्या शब्दानं तो पुढ्यात आणून टाकला.

पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. अडलेले शब्द खरे सोपे. ते थांबवतात, विचारायला लावतात. अवघड शब्द तो, जो ठाऊक आहे असं वाटतं. ‘फकिरा’तला असा शब्द ‘हजेरी’.

हजेरी कोणाला ठाऊक नाही? शाळेत हजेरी, गिरणीत हजेरी. गिरणीत हजेरी लागली नाही तर खाडा पडतो, पगार कापला जातो. म्हंजे आपल्याला हजेरी हवी असते, त्यावर चूल पेटते. कादंबरीतल्या मांगांची हजेरी उलटी आहे. त्यांनी काही केलं म्हणून नव्हे, ते मांग म्हणून जन्मले म्हणून त्यांना मोजायचं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो आणखी पसरवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, अन् त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणायला लागले. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पारध्याच्या पालावर पोलीस आजही कशाला जातात ते आपण जाणतो. शब्द बदलला, मोजणी चालूच.

इथं कादंबरीवर माझी एक तक्रार आहे. अण्णाभाऊ शाहीर. त्यांच्या गद्यात पोवाड्याचा झोक आहे. घोडा उधळतो, तलवार चमकते, दुष्काळात धान्य लुटून उपाशी वाड्याला वाटलं जातं, खजिना फुटतो. वाचणारा टाळी देतो अन् त्या टाळीत हजेरीची पानं वाहून जातात. माझ्या लेखी कादंबरीचा गाभा त्या पानांत आहे. खजिना एकदाच लुटला जातो, हजेरी मात्र रोज द्यावी लागते.

१९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा तेंडुलकरांनी प्रस्तावनेत न कळलेल्या शब्दांची यादी दिली. तो प्रामाणिकपणा होता. पण ते शब्द बाहेरच्या वाचकाचे अडलेले. आपली यादी निराळी हवी. मांगवाड्याचा शब्द बौद्धवाड्यातल्या पोराला अडतो, हे आपल्या चळवळीबद्दल काय सांगतं? अण्णाभाऊ कम्युनिस्ट म्हणून आपल्यातल्या काहींनी त्यांना लांब ठेवलं. अन् अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एकमेकांचे शब्द न विचारता ‘दलित’ हा एकच शब्द सगळ्यांवर पांघरला तर खाली माणसं वेगळीच राहतात.

म्हणून गावोगावच्या मंडळांना सुचवतो. वही घाला. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात तो कादंबरीत कोण उच्चारतो, तिसऱ्यात त्याचा मार कोणाच्या पाठीवर बसतो, चौथ्यात तो आज आपल्या गावात कोणत्या नावानं जिवंत आहे. ठाऊक असलेले शब्दही लिहा. ‘चावडी’ लिहा, ‘शीव’ लिहा, ‘गाव’ लिहा. अन् बैठक एकदा बौद्धवाड्यात घेतली तर पुढची मांगवाड्यात घ्या.

जयभीम.